शुक्रवारचं आकाश

खारबाव स्टेशनवरून खाडीच्या दिशेनं चालत गेलं, की गाव मागे पडल्यावर डाव्या हाताला एक खारट, पडीक जमीन लागायची. साडेचार एकर. तिच्यात सागाचे एकशे अठ्ठावीस खांब रोवलेले होते आणि खांबाखांबांवर तांब्याच्या तारा ताणलेल्या होत्या. नवख्या माणसाला वाटायचं, धुणं वाळत घालायची सोय असेल. गावातल्या बायका तिला 'तारांची वाडी' म्हणत.

ही वाडी सुरैयाची. म्हणजे जमीन दौलत पाटलाची, तारा मुंबईतल्या एका संशोधन संस्थेच्या, पण वाडीत रोज यायची ती सुरैया. भिवंडीत तिच्या घरचे माग होते, वडिलांच्या वेळेपासून. भाऊ मुख्तार माग चालवायचा आणि ही थोरली बहीण भौतिकशास्त्रात पीएच.डी. करून आकाशाच्या मागे लागलेली. तिला सगळे 'डॉक्टर' म्हणतात हे ऐकून सुरुवातीला गावातल्या बायका पोरांचा ताप दाखवायला यायच्या. मग तीही पिशवीत तापाच्या गोळ्या ठेवू लागली.

वाडीच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली होती. तिथं सगळ्या तारांच्या केबली येऊन मिळत, आणि टेबलावरच्या यंत्रात कागदाच्या गुंडाळीवर एक पेन सरकत राही. दिसायला कुठेच दुर्बीण नव्हती. पण दुर्बीणच होती ती, डोळ्यांची नव्हे, कानांची. आकाशातल्या कित्येक वस्तू प्रकाशासारख्याच रेडिओलहरीही सोडतात, आणि त्या ऐकायला तारा पुरतात. तारा जागच्या हलत नसत. पृथ्वी फिरायची, आकाश वरून सरकत जायचं, आणि एखादी लहरी सोडणारी वस्तू बरोबर तारांच्या माथ्यावर आली, की पेन हळूहळू वर चढून टेकाडासारखी रेघ काढून पुन्हा खाली यायचं.

ती टेकाडं ओळखायला सुरैयाइतकाच दुसरा एक माणूस शिकला होता. चांगदेव, दौलत पाटलाचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटलेला, आधी मिठागरात कामाला असलेला. संस्थेनं त्याला खांब-तारांची देखभाल करायला ठेवलं. सातवी शिकलेल्या या माणसानं सहा महिन्यांत एक गोष्ट स्वतःहून हेरली आणि सुरैयाला येऊन सांगितली होती.

"बाय, आभालातला जो हाय तो रोज चार मिन्टं लवकर येतो. आन् मानसाचा जो हाय तो घड्यालाला धरून येतो."

सुरैया त्याच्याकडे बघत राहिली होती. एम.एस्सी.च्या मुलांना हे फळ्यावर आकृती काढून शिकवावं लागे. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना सूर्याभोवतीही पुढे सरकते, म्हणून तारे रोज चार मिनिटं आधी माथ्यावर येतात. मागांची शिफ्ट मात्र सातला म्हणजे सातलाच. कागदावर एखादी खूण दिसली, तर ती उद्या कधी येते एवढं बघायचं. त्याच वेळी आली तर ती भिवंडीची, चार मिनिटं आधी आली तर आकाशाची.

आणि भिवंडीचं कागदावर फार झालं होतं. शहरात जागा उरली नाही तसे माग गावांकडे सरकले होते. खारबावच्या रस्त्याला एकोणनव्वदपर्यंत अकरा शेड उभ्या राहिल्या. मोटारी सुरू झाल्या, स्टार्टर ठिणगी टाकू लागले, की पेन वेड्यासारखं वरखाली धावे आणि कागद काळा होऊन जाई. एकच वार स्वच्छ मिळायचा, शुक्रवार. त्या दिवशी मागांना वीज नसे. सुरैया आपलं यंत्र बॅटऱ्यांवर चालवायची. आठवड्यातले सहा दिवस ती कागद काळे होताना बघायची आणि सातव्या दिवशी काम करायची.

दहा फेब्रुवारीच्या शुक्रवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी पेन थोडंसं वर उचललं गेलं.

टेकाड बुटकं होतं. हंस तारकासमूहातल्या एका वस्तूच्या नेहमीच्या मोठ्या टेकाडाच्या सव्वा तास आधी आलेलं. चांगदेवानं बोट ठेवलं. "हा कोन?"

"कुणीतरी गाडी सुरू केली असेल रस्त्यावर."

"गाडी अशी हलू चढत न्हाय, बाय."

पुढच्या शुक्रवारी दोघं साडेनवापासून पेनासमोर बसले. सात दिवस, रोज चार मिनिटांना थोडी कमी, म्हणजे साडेसत्तावीस मिनिटं आधी यायला हवं. नऊ सदतीसला पेन उचललं. तेवढंच बुटकं, तेवढंच रुंद.

सुरैयानं सगळ्या याद्या पालथ्या घातल्या. त्या वेळी आकाशाचा जो पट्टा वरून जात होता, अभिजित ताऱ्याजवळचा, त्यात जगातल्या मोठ्या दुर्बिणींनी केलेल्या याद्यांमध्ये एवढं जोरदार काहीच नव्हतं. त्या दुर्बिणी वरच्या पट्टीतल्या लहरी ऐकत, आणि हिच्या तारा अगदी खालच्या पट्टीतल्या. जे खालच्या पट्टीत मोठ्यानं बोलतं आणि वरच्या पट्टीत गप्प असतं, ते बहुतेक वेळा फार म्हणजे फार लांबचं निघतं, हे त्या दशकात नुकतंच कळायला लागलं होतं.

"म्हंजे किती लांब?" चांगदेवानं विचारलं.

"तिथून लहर निघाली तेव्हा पृथ्वी नव्हती. सूर्यही नव्हता. सगळं विश्वच कोवळं होतं. पहिल्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांच्या पहिल्या वसाहती, तेव्हा कुठं बनत होत्या. त्या कशा बनल्या हे कुणालाच माहीत नाही, चांगदेव. असं एकेक सापडलं तर कळेल."

चांगदेवानं कागदावरच्या त्या टेकाडावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "आन् ता आपल्या वाडीत आला."

पण आलं म्हणजे सापडलं असं नव्हतं. टेकाडाच्या वेळेवरून ती वस्तू पूर्व-पश्चिम कुठं आहे ते कळलं होतं. उत्तर-दक्षिण कळलं नव्हतं. अभिजितच्या वरच्या अंगाला की खाली? ते काढायला केबलींची लांबी बदलून, तारांचा कान जरा उत्तरेला, मग जरा दक्षिणेला वळवून, आणखी दोन स्वच्छ शुक्रवार ऐकावं लागणार होतं. मग मोठ्या दुर्बिणीवाल्यांना सांगता आलं असतं, की अमुक ठिकाणी बघा. दोन शुक्रवार. सुरैयानं फार मागितलं नव्हतं.

चोवीस फेब्रुवारीला सकाळी सातलाच पेन धावायला लागलं. चांगदेव कुंपणाबाहेर जाऊन बघून आला. परत आला तो खाली मान घालून.

"आपल्या मुख्तारशेटची शेड हाय. जनरेटर आनलाय."

दौलत पाटलानं वाडीला लागून नवी शेड बांधली होती आणि ती सुरैयाच्याच भावानं भाड्यानं घेतली होती. चोवीस माग. तिला हे माहीत होतं. जनरेटरचं माहीत नव्हतं.

दुपारी नमाज करून मुख्तार जेवायला घरी आला तेव्हा तिनं विषय काढला. अम्मा वाढत होती.

"दोन शुक्रवार, मुख्तार. फक्त दोन."

"आपा, मी कशाला नाही म्हणू?" तो म्हणाला. "पण ही पार्टी नवी आहे. दर बुधवारी ट्रक भरायचा असं कबूल केलंय. सुताची एवढी मारामार असताना सूत त्यांनीच दिलंय. शुक्रवार सुटला तर बुधवार चुकतो."

"मला सगळा दिवससुद्धा नको."

"मग सकाळचा बंद ठेवतो. तुझ्यासाठी नाही करणार तर कुणासाठी करणार?" मग जरा थांबून त्यानं विचारलं, "आपा, पण बाकीच्या दहा शेडवाल्यांचं काय करशील?"

तीन मार्चला ते कळलंच. मुख्तारची शेड गप्प होती आणि उरलेल्या दहांपैकी चार ठिकाणी जनरेटर लागले होते. एकानं आणला म्हणून दुसऱ्यानं आणला होता. मागणी जोरात होती आणि शुक्रवार फुकट घालवायची कुणाचीच तयारी नव्हती. आठ बेचाळीसला जे यायचं होतं ते वरून गेलं असणार. कागदावर काळ्या फराट्यांशिवाय काही नव्हतं.

मग सुरैया दारोदार निघाली. बरोबर चांगदेव. अकरा शेड, आठ मालक. पुढचा शुक्रवार दहा मार्च, वेळ सव्वाआठ. आठ पाच ते आठ पंचवीस, एवढी वीस मिनिटं सगळ्यांनी बंद ठेवायचं.

कुणी हसलं. कुणी विचारलं, सरकारी हुकूम आहे का? कुणी खुर्ची दिली, चहा दिला आणि हो-नाही काहीच बोललं नाही. चिंधू भोईर म्हणून एक म्हातारा मालक होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गिरान हाय का?"

"ग्रहण नाही, काका. वरून काहीतरी येतंय, ते ऐकायचंय."

"चांगला की वाईट?"

"चांगलंही नाही आणि वाईटही नाही. फार जुनं आहे."

म्हाताऱ्याला काय पटलं कोण जाणे. "ईस मिन्टं ना? जा, बंद ठेवीन," तो म्हणाला, आणि त्यानं हो म्हटल्यावर बाकीच्यांचंही जुळत गेलं. शेवटच्या शेडमधल्या, माग दुरुस्त करणाऱ्या बिहारकडच्या जॉबरनं, मालकानं हो म्हटल्यावर, दबकत विचारलं, "मॅडम, वो उपरवाला आवाज क्या बोलता है?"

"कुछ नहीं बोलता, भाई," सुरैया म्हणाली. "बस, है."

दहा मार्चची सकाळ. केबली आदल्या दिवशीच बदलून तारांचा कान उत्तरेला वळवला होता. आठला पाच कमी असताना पेन नेहमीसारखं थैमान घालत होतं. आठ वाजून चार मिनिटांनी एक जनरेटर थांबला. मग दुसरा. मग एकामागून एक. अशी शांतता तिथं कधी नव्हतीच झाली. खाडीवरून येणारा वारा तारांमधून जाताना ऐकू यायला लागला. शेडमधले कामगार बाहेर आले होते. गंजीफ्रॉकवर, केसांत कापसाचे तंतू, आणि वाडीच्या कुंपणाला ओळीनं टेकून खोलीकडे बघत होते. साठ-सत्तर माणसं तरी असतील. कुणी बोलत नव्हतं.

पेन खाली बसलं. रेघ सरळ झाली. चांगदेवानं सुरैयाकडे बघितलं. आठ सात. आठ आठ.

आठ नऊला पेन सरकलं. हळू नाही. एकदम कागदाच्या वरच्या कडेला जाऊन आपटलं, थरथरलं आणि तिथंच थांबलं.

"कोनी चालू केला?" चांगदेव ओरडत बाहेर धावला.

कुणीच चालू केलं नव्हतं. सुरैया त्याच्यामागे दारापर्यंत आली. अकराच्या अकरा शेड गप्प. रस्त्यावर गाडी नाही. पेन मात्र आत कडेला टकटक करत होतं. थोडं उतरे, पुन्हा उसळे. ती परत आत गेली, यंत्राची संवेदनशीलता कमी केली, तरी तेच. मग त्या उसळ्यांचा आकार तिच्या लक्षात आला. ती पुन्हा दारात आली. समोर पूर्वेला सूर्य वर आलेला होता, रोजच्यासारखा पिवळा. बघून काही कळलं नसतं.

सूर्यच बोलत होता. त्या आठवड्यात त्याच्यावर फार मोठे डाग आलेले आहेत असं मुंबईहून कुणीतरी तिला म्हटलं होतं. डाग खवळले की सूर्यातून रेडिओलहरींचे असे लोट सुटतात, की तारांचा कान कुठेही वळलेला असला तरी त्यांपुढे दुसरं काही ऐकू येत नाही. तीन दिवसांनी त्याच खवळलेल्या सूर्यामुळे तिकडे कॅनडात एका अख्ख्या प्रांताची वीज गेली, तेव्हा पेपरात आलं. डाग असे खवळतील हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिनं काय केलं असतं? भावाला सांगता येतं. चिंधूकाकाच्या पाया पडता येतं.

सव्वाआठ झाले. आठ वीस. पेन वरच्या कडेलाच. आठ पंचवीसला कुंपणापलीकडून जॉबरनं हाक मारली, "मॅडम, मिला क्या?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना.

"मिला, मिला!" चांगदेव हात वर करून म्हणाला. "झाला काम. जा आता, चालू करा."

माणसं हसली. दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग ती पांगली आणि जनरेटर एकामागून एक सुरू झाले.

"खोटं का सांगितलंत?" आत आल्यावर सुरैया म्हणाली. तिचा आवाज चढला होता. चार वर्षांत ती त्याच्याशी असं बोलली नव्हती.

"मग काय सांगू? तुमी गप. ते सगले टकामका बघतान. त्यांनी आपला काम सोरला आन् वर सूर्यानं घान केली, असा सांगू?"

"आता पुढच्या शुक्रवारी काय सांगायचं त्यांना?"

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो मटकन स्टुलावर बसला.

ती गेली पुन्हा, त्याच आठ मालकांकडे. खरं सांगितलं. परवा मिळालं नव्हतं, सूर्यामुळे बिघडलं, आता पुन्हा वीस मिनिटं हवीत. एकानं सरळ विचारलं, "आज सूर्य, उद्या चंद्र म्हणाल, मग?" दुसरा म्हणाला, "तुमच्याच माणसानं सांगितलं ना, झालं म्हणून?" चिंधू भोईर रागावला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "पोरी, म्हंजे त्या दिवशी आमी फुकटच बंद केला?" सतरा तारखेला सात सत्तेचाळीसला दोनच शेड बंद राहिल्या, मुख्तारची आणि चिंधूची. तोवर सगळ्यांनीच जनरेटर आणले होते, उरलेल्या नऊ चालू होत्या. सूर्य त्या दिवशी निवळला होता.

पुढचे शुक्रवार ती येत राहिली. टेकाडाची वेळ सरकत सरकत पहाटेकडे गेली, मग रात्रीत, आणि मागांना रात्रही उरली नव्हती. संस्थेतल्या वरिष्ठांनी दोन कागद बघितले, भिंगातून बघितले. "आहे खरं काहीतरी," ते म्हणाले. "पण दोन शुक्रवार, आणि जागा अर्धीच माहीत. हे छापता येणार नाही, सुरैया." तिच्या हाताखालच्या विद्यार्थ्यानं असे दोन कागद आणले असते तर तिनंही हेच सांगितलं असतं. त्यामुळे तिला भांडताही आलं नाही.

मे महिन्यात दौलत पाटील खोलीत येऊन बसला. काल्हेरकडची गोदामवाली पार्टी जमीन बघून गेली होती. संस्थेशी असलेल्या भाडेकराराची मुदत संपतच आली होती आणि दौलत ती वाढवायला तयार नव्हता.

"बाय, तुज्यावर राग न्हाय," तो म्हणाला. "या जमिनीत भात होत न्हाय, मीठ होत न्हाय. पोरांची लग्ना व्हयाची हान. आता इकली न्हाय तर परत कवा इकनार?"

चांगदेव भावाच्या शेजारी उभा होता. जमिनीत त्याचाही हिस्सा होता. त्यानं विक्रीच्या कागदावर सही केली, आणि मग पंधरा दिवस एकट्यानं खांब उपटले, तारा गुंडाळल्या, केबलींवर चिठ्ठ्या लावल्या. पावसाच्या आत ट्रक भरून ते सगळं मुंबईच्या गोडाऊनमध्ये गेलं. दुसरी शांत जागा मिळाली की पुन्हा उभारू, असं संस्थेनं लिहून दिलं होतं. जागा मिळाली नाही. सुरैया भिवंडीतच एका कॉलेजात शिकवायला लागली.

शहाण्णव साली तिला एका जुन्या सहकाऱ्याचं परदेशातून पाकीट आलं. खालच्या पट्टीत ऐकणारी एक मोठी दुर्बीण तिकडे सुरू झाली होती आणि आकाशाचा अभिजितजवळचा तो पट्टा तिनं नुकताच पुरा केला होता. सहकाऱ्यानं यादीतलं पान पाठवलं होतं. तुझ्या वेळेशी जुळणाऱ्या वस्तूंवर खूण केली आहे, बघ.

खुणा एकोणीस होत्या. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत एका ओळीत. त्यांतली एखादी तिची असेल. किंवा नसेलही. काही वस्तू थोडे महिने उजळतात आणि विझतात, तिची तशीही असू शकत होती.

ते पान घेऊन ती काल्हेरला गेली. चांगदेव तिथं एका गोदामावर वॉचमन होता. केस पांढरे झाले होते. त्यानं टपरीवरून चहा मागवला, पान गुडघ्यावर पसरलं आणि इंग्रजी आकड्यांवरून बोट फिरवलं.

"यातला आपला कंचा?"

"कळायला मार्ग नाही."

"आता परत बघून?"

"कशाशी ताडून बघणार? उत्तर-दक्षिण मोजायचंच राहिलं आपलं."

त्यानं पानाची घडी केली, पुन्हा उघडली. "मी त्या दिवशी तसा बोललू नसतू," तो म्हणाला, "तर सतरा तारखेला बंद ठेवला असता त्यांनी. सूर्य पन गप होता."

सात वर्षं सुरैयानंही हाच हिशेब केला होता. कधी वाटे, हो, ठेवलं असतं. कधी वाटे, तिनंच दारात उभं राहून खरं सांगितलं असतं, तर ती साठ-सत्तर माणसं काय म्हणाली असती? तिलाच तोंड फुटलं नव्हतं.

"नाही हो," ती म्हणाली. "एका शुक्रवारनं काय झालं असतं? दोन लागणार होते."

हे खरं होतं की नाही, तिला माहीत नव्हतं. चांगदेवानं मान हलवली. त्याला पटलं की त्यानं पटवून घेतलं, तेही तिला समजलं नाही. तेवढ्यात फाटकावर ट्रकनं हॉर्न दिला. पान तिच्या हातात देऊन तो घाईघाईनं उठला आणि टोपी घालून फाटक उघडायला गेला. एकामागे एक चार ट्रक होते. ते सगळे आत येईपर्यंत ती बाकावर बसून राहिली.